मंजुरीला तारीख लावा : गृह विभाग आणि अभियोग संचालनालयास खुले पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह), महाराष्ट्र शासन
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य
मा. संचालक, अभियोग संचालनालय

विषय : समाजात तेढ निर्माण करणाऱ्या भाषणांचे आणि मजकुराचे खटले न्यायालयात उभे राहावेत यासाठी करावयाची कार्यवाही

महोदय,

भर सभेत कुणी एखाद्या समाजाविरुद्ध गरळ ओकली, ती चित्रफीत गावोगावच्या मोबाइलवर फिरली, की दोन-तीन दिवसांत ‘गुन्हा दाखल’ अशी बातमी येते. बातमी आली की संताप निवळतो. बोलणारा मात्र पुढच्या सभेला निघालेला असतो. गुन्हा दाखल होणे ही खटल्याची फक्त पहिली पायरी. त्यानंतर दोषारोपपत्रापर्यंत आणि न्यायालयाने दखल घेईपर्यंत ज्या पायऱ्या आहेत, त्यांवर काय घडते याबद्दल हे पत्र आहे. आम्ही फौजदारी न्यायालयांत काम करणारे वकील आहोत. आमच्यातील काहींनी सरकारची बाजू मांडली आहे, काही आरोपीच्या बाजूने उभे राहतात. कोणत्याही बाजूने पाहिले तरी हे खटले फुटण्याच्या जागा त्याच दिसतात.

आम्ही नवा कायदा मागत नाही. विधी आयोगाने मार्च २०१७ मध्ये, आपल्या २६७ व्या अहवालात, द्वेषमूलक भाषणासाठी दोन नवी कलमे सुचवली होती. ती भारतीय न्याय संहितेत आली नाहीत. यायला हवी होती का, यावर आमच्यातच दुमत आहे. पण हातात आहेत ती कलमे पुरेशी आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेचे कलम १९६ म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचे १५३-अ. धर्म, वंश, जन्मस्थान, निवास, भाषा, जात किंवा समाज या कारणांवरून गटागटांत वैर पसरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, आणि तेच प्रार्थनास्थळी केले तर ५ वर्षांपर्यंत. इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा उल्लेखही आता कलमातच आहे. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना सांगितले आहे की अशा भाषणावर तक्रारीची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न पाहता, पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा. त्यात टाळाटाळ झाली तर तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल. एवढे सगळे असूनही खटला अडतो तो मंजुरीच्या फाईलवर.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या; पुढची तपासाची आणि प्रक्रियेची कलमे याच संहितेची) कलम २१७ नुसार न्याय संहितेच्या १९६, २९९ (धार्मिक भावना दुखावणे) आणि ३५३(१) (खोटी विधाने व अफवा) या कलमांखालील गुन्ह्यांची दखल केंद्र किंवा राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय कोणतेही न्यायालय घेऊ शकत नाही. १९७ (राष्ट्रीय एकात्मतेला बाधक आरोप) आणि ३५३ च्या पोटकलम (२) व (३) साठी जिल्हादंडाधिकारीही मंजुरी देऊ शकतात. या तरतुदीला आमचा विरोध नाही. ऊठसूट कुणी कुणाला त्याच्या शब्दांसाठी कोर्टात खेचू नये म्हणून बसवलेली ती चाळणी आहे. पण धान्य ओतून चाळणी खुंटीला टांगून ठेवली तर ना दाणे वेगळे होतात ना खडे.

शेजारच्या तरतुदींशी तुलना केली की यातली विसंगती कळते. लोकसेवकावरील खटल्याच्या मंजुरीसाठी नव्या संहितेच्या कलम २१८ ने सरकारला १२० दिवस दिले आहेत. तेवढ्यात निर्णय झाला नाही तर मंजुरी दिल्याचे मानले जाते. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखालील (यूएपीए) २००८ च्या नियमांत तर याहून कडक घड्याळ आहे. पुराव्याची स्वतंत्र छाननी करणाऱ्या प्राधिकरणाने कामकाजाच्या ७ दिवसांत शिफारस द्यायची आणि सरकारने कामकाजाच्या पुढच्या ७ दिवसांत निर्णय घ्यायचा. ही मुदत पाळावीच लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे दहशतवादाच्या आरोपासारखी गुंतागुंतीची फाईल कामकाजाच्या १४ दिवसांत तपासून होऊ शकते, असे कायदा मानतो. कलम २१७ मध्ये मात्र दिवसांचा आकडाच नाही. वीस मिनिटांच्या भाषणाची फाईल कितीही दिवस पडून राहिली तरी कुणाला जाब विचारता येत नाही.

याचा परिणाम महाराष्ट्राने एकदा पाहिला आहे. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीच्या काळातील अग्रलेखांवरून शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांच्याविरुद्ध खटला चालवण्याचा निर्णय सरकारने २००० साली घेतला. त्याच वर्षी मुंबईतील दंडाधिकारी न्यायालयाने मुदत उलटून गेल्याच्या कारणावरून ते प्रकरण संपवले. अग्रलेख गुन्हा ठरत होते की नव्हते, याचा निवाडा झालाच नाही. ज्यांना ते गुन्हा वाटत होते त्यांनाही न्याय मिळाला नाही, ज्यांना ते निर्दोष वाटत होते त्यांनाही नाही.

नव्या संहितेत हा धोका वरवर कमी झाला आहे. ३ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यासाठी दखल घेण्याची मुदत ३ वर्षेच आहे, पण कलम ५१४ च्या स्पष्टीकरणानुसार आता फिर्याद नोंदवल्याची तारीख धरली जाते. त्यामुळे फाईल रेंगाळली तरी खटला मुदतबाह्य होण्याची भीती कमी. आम्हाला काळजी वाटते ती नेमकी याचीच. मुदतीचा होता तेवढा धाकही गेला आणि दिरंगाईची किंमत आता पुराव्याला मोजावी लागते. मेमरी कार्ड पुसले जाते, खाते बंद होते, मंडपवाल्याला काही आठवत नाही, पोलिसाची बदली होते. कागदावर खटला जिवंत असतो, पण आत काही उरलेले नसते.

म्हणून पहिली मागणी मुदतीच्या शासन निर्णयाची. गुन्हा नोंदल्यापासून ३० दिवसांत तपासी अंमलदाराने प्रस्ताव पाठवावा, अभियोग संचालनालयाने १० दिवसांत छाननी करावी, गृह विभागाने २० दिवसांत मंजुरी द्यावी किंवा नाकारावी. एकूण ६० दिवस. ‘मुदतीत निर्णय नाही म्हणजे मंजुरी’ अशी सोय शासन निर्णयाने करता येणार नाही, त्यासाठी संहितेतच दुरुस्ती लागेल, हे आम्ही जाणतो. पण ६१ व्या दिवशी फाईल कोणाकडे आहे आणि का आहे, याची लेखी नोंद सचिवांच्या सहीने ठेवायला कोणताही कायदा आड येत नाही. नकार असेल तर तोही कारणांसह द्यावा आणि फिर्यादीला कळवावा.

मंजुरीसाठी तपास थांबवून ठेवण्याची प्रथाही मोडली पाहिजे. मंजुरी लागते ती न्यायालयाने दखल घेताना. गुन्हा नोंदवायला, जप्ती करायला, जबाब घ्यायला ती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने पास्टर पी. राजू प्रकरणात २००६ मध्येच हे सांगितले आहे. तरीही ‘प्रस्ताव पाठवला आहे, मंजुरीची प्रतीक्षा’ या एका ओळीवर तपास महिनोन्महिने थांबलेला दिसतो.

मंजुरीचे आदेश कसे लिहिले जातात, हेही तितकेच महत्त्वाचे. उलटतपासणीत बचावाचा पहिला प्रश्न असतो : ‘मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने भाषण ऐकले होते का?’ प्रस्तावासोबत ध्वनिमुद्रणच गेलेले नसेल, फक्त ‘आरोपीने प्रक्षोभक वक्तव्य केले’ असा पोलिसांचा गोषवारा गेला असेल, तर या प्रश्नाला उत्तर नसते. छापील नमुन्यात नाव आणि कलमे भरून दिलेला आदेश त्यामुळेच कोसळतो. आदेशात आक्षेपार्ह वाक्ये जशीच्या तशी हवीत, कोणत्या गटाविरुद्ध आणि कोणत्या कारणावरून ते लिहायला हवे, कोणती कागदपत्रे व कोणती फीत पाहिली तेही नोंदवायला हवे. वारंवार दिसणाऱ्या आणखी तीन चुका आहेत. कलम १९६ साठी जिल्हादंडाधिकाऱ्यांची सही घेतली जाते, ज्यांना तो अधिकारच नाही. मंजुरी १९६ पुरती असते आणि दोषारोपपत्रात २९९ मागाहून घुसडले जाते. किंवा मंजुरी येण्याआधीच दोषारोपपत्र दाखल होते आणि दंडाधिकारी दखल घेऊन बसतात, मग वरच्या न्यायालयात सगळेच मुळापासून उखडले जाते. नव्या संहितेच्या कलम २० नुसार ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या खटल्यांवर देखरेख सहायक अभियोग संचालकांची आहे. प्रस्ताव मुंबईला निघण्याआधी त्यांच्या नजरेखालून गेला, तर या तिन्ही चुका जिल्ह्यातच पकडल्या जातील.

आता पुराव्याकडे वळतो. याबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण मंजुरी वेळेत मिळूनही आरोपी सुटतो तो इथे.

भाषण झाल्यावर पोलिसांच्या हाती बहुधा येते ती व्हॉट्सॲपवरून आलेली चाळीस-पन्नास सेकंदांची तुकडा-फीत. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेली चित्रफीत दाबून लहान केली जाते, मूळ फाईलमधील वेळ-उपकरणाच्या नोंदी गळतात आणि तिचे हॅश मूल्य (फाईलमधील मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा सांकेतिक क्रमांक) मूळ फाईलशी जुळत नाही. गोपनीय शाखेच्या अंमलदाराने स्वतःच्या मोबाइलवर केलेले चित्रीकरण वरिष्ठांना असेच पाठवून मूळ पुसून टाकले, तर पोलिसांनी स्वतःच्या हाताने चांगला पुरावा वाईट केला असे होते. मूळ उपकरण किंवा मूळ कार्डच जप्त झाले पाहिजे : आयोजकाच्या चित्रीकरण करणाऱ्याचे, थेट प्रक्षेपण करणाऱ्याचे आणि पोलिसांचे स्वतःचेही. जप्तीचे चित्रीकरण कलम १०५ नुसार आता करावेच लागते. जागेवरच हॅश मूल्य काढून पंचनाम्यात लिहावे, मूळ सीलबंद करावे आणि काम प्रतीवर करावे.

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राशिवाय या फितीची प्रत न्यायालयात वाचली जात नाही. जालन्याच्या निवडणूक याचिकेतून गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्राची अट अनिवार्य ठरवली. नव्या अधिनियमाने त्यात भर घातली. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. भाग ‘अ’ उपकरण ज्याच्या ताब्यात होते त्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हॅश मूल्य आणि ते कोणत्या पद्धतीने काढले (उदाहरणार्थ एसएचए-२५६) ते लिहायचे. ठाण्यांतून येणाऱ्या कागदांत भाग ‘ब’ कोरा असतो किंवा जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चाच नमुना लावलेला असतो. प्रत्येक जिल्ह्यात भाग ‘ब’ भरण्यासाठी तज्ज्ञ नेमून त्यांच्या नावांचा आदेश काढणे, एवढ्याने ही अडचण सुटेल. चित्रीकरण करणारा प्रमाणपत्र द्यायला नकार देत असेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते, हेही खोतकर निकालातच आहे. नकाराची नोंद मात्र त्याच दिवशी व्हायला हवी.

समाजमाध्यमावरील मजकुराला दोन आकडे लागू होतात आणि दोन्ही प्रत्येक ठाणे अंमलदाराला तोंडपाठ हवेत. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कंपनीने काढून टाकलेला मजकूर आणि बंद झालेल्या खात्याची नोंदणी-माहिती १८० दिवस जपायची असते. अधिकृत लेखी मागणी आल्यावर ७२ तासांत माहिती द्यायची असते. म्हणजे सहा महिन्यांनी पत्र पाठवणाऱ्या तपासी अंमलदाराला ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर मिळाले, तर दोष कंपनीचा राहत नाही. पत्र पहिल्याच दिवशी जावे. त्यात नुसता स्क्रीनशॉट नको. मजकुराचा पूर्ण दुवा, खात्याचा अंकी क्रमांक (नाव बदलता येते, क्रमांक तोच राहतो), भारतीय प्रमाणवेळेनुसार तारीख-वेळ, आणि कलम ९४ खालील नोटीस हवी. मजकूर काढून टाकण्याची मागणी त्यानंतर. आधी हटवा आणि मग जपा म्हटले तर जपायला काही शिल्लक नसण्याची शक्यता वाढते.

पूर्ण भाषण लिहून काढणे हे कंटाळवाणे काम आहे आणि म्हणूनच ते टाळले जाते. न्यायालयात तुकडा चालवला की बचाव पक्ष पूर्ण भाषण मागतो. त्यात आधीच्या वाक्यात ‘असे काही लोक म्हणतात’ निघाले तर खटला तिथेच बसतो. उलट, पुष्कळदा पूर्ण भाषण तुकड्यापेक्षा जास्त घातक असते, पण ते कुणी लिहूनच काढलेले नसते. मिनिट-सेकंदांसह पूर्ण लिप्यंतर हवे. बोली जशी आहे तशी, वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडी, अहिराणी असेल तर अहिराणी. टाळ्या, घोषणा, जमावाचा प्रतिसाद कंसात नोंदवलेला हवा. उच्च न्यायालयासाठी इंग्रजी भाषांतर लागेल, ते करणाऱ्याची सही आणि साक्ष हवी.

सूचक शब्दांबाबत हे आणखी गरजेचे. चिथावणी देणारा हुशार असतो. तो समाजाचे नाव घेत नाही, टोपणनाव घेतो, प्राण्याचे नाव घेतो, एखाद्या जुन्या घटनेचे साल उच्चारतो आणि समोरच्यांना बरोबर कळते. रवांडातील १९९४ च्या वंशसंहारानंतर आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे रेडिओवाल्यांचा खटला चालला, तेव्हा ‘इन्येन्झी’ म्हणजे झुरळ हा शब्द ऐकणाऱ्याला कोणत्या समाजाबद्दल वाटत होता, हे प्रक्षेपणांच्या ध्वनिमुद्रणांवरून आणि साक्षीदारांकडून सिद्ध करावे लागले. डिसेंबर २००३ मध्ये दोषसिद्धी झाली. आपल्याकडेही शब्दाचा स्थानिक अर्थ सांगणारा साक्षीदार तपासायला हवा : भाषेचा अभ्यासक, किंवा त्याच गावातला, तो शब्द त्या अर्थाने रोज ऐकणारा माणूस. ‘सर्वांना माहीत आहे’ हा पुरावा होत नाही.

आवाज आरोपीचाच आहे हे सिद्ध करण्यासाठी कलम ३४९ खाली दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने आवाजाचा नमुना घेता येतो. यंत्राने बनवलेले आवाज आता सहज तयार होतात, त्यामुळे ‘हा मी नव्हेच’ हा बचाव यापुढे वाढत जाईल. नमुना न घेता न्यायालयात जाणे म्हणजे त्याला वाट मोकळी करून देणे. त्यासोबत सभेच्या परवानगीचा अर्ज, ध्वनिक्षेपकाची परवानगी, त्यातील अटी, अर्जदारांची नावे जोडावीत. आयोजकापर्यंत जाणारा दुवा याच कागदांत असतो. परिणाम दाखवणारे पुरावेही जवळच असतात : ठाण्याची दैनंदिनी, ११२ वर आलेले दूरध्वनी, त्या रात्री वाढवलेला बंदोबस्त. आमच्या अनुभवात हे कागद दोषारोपपत्राला क्वचितच जोडलेले दिसतात. साक्षीदारही नेहमीचे दोन पंच आणि चार पोलीस एवढेच नसावेत.

कलमे लावताना भरमार करू नये. एकाच फिर्यादीत १९६, १९७, २९९, ३०२, ३५२, ३५३ असे सगळे लिहिले की प्रत्येकाचे घटक वेगळे सिद्ध करावे लागतात आणि एकही नीट होत नाही. १९६ साठी किमान दोन गट लागतात, हे बिलाल अहमद कालू प्रकरणात १९९७ पासून ठरलेले आहे. २९९ साठी हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने केलेले कृत्य लागते, नुसते झोंबणारे बोलणे पुरत नाही. उलट ज्या कलमांना मंजुरी लागत नाही ती विसरली जातात. जमावाला ‘मारा, जाळा’ असे सांगणे हे न्याय संहितेच्या कलम ५७ मध्ये बसते, म्हणजे दहापेक्षा जास्त लोकांना गुन्ह्यासाठी चिथावणे. त्याला ७ वर्षांपर्यंत कैद आहे आणि कलम २१७ मध्ये त्याचे नाव नाही. अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्या शब्दांना अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(यू) आहे. तिथेही मंजुरी नको, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याचा आणि ६० दिवसांत संपवायचा. निवडणुकीच्या संदर्भात लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२५ आहे. ही कलमे योग्य ठिकाणी लावली तर निम्मी अडचण मंजुरीपर्यंत पोहोचतच नाही.

इथे दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगितली पाहिजे. ही कलमे चुकीच्या माणसावर लावली की नुकसान दुहेरी होते. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकाविरुद्धचा, व्हॉट्सॲप स्टेटसवरून नोंदवलेला १५३-अ चा गुन्हा रद्द केला. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरील गुन्हाही रद्द झाला. या निकालांत न्यायालयाने जी कसोटी लावली ती नागपूर उच्च न्यायालयातील न्या. व्हिव्हियन बोस यांनी १९४० च्या दशकात सांगितलेली : शब्दांचा परिणाम खंबीर, विचारी, धीट माणसाच्या मापाने मोजायचा, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या डळमळीत मनाच्या मापाने नाही. सरकारवर टीका, इतिहासाबद्दलचे अप्रिय मत, शोकाची किंवा निषेधाची ओळ यांना गुन्हेगार ठरवू पाहिले की न्यायालय चपराक लगावते, आणि तोच निकाल पुढे खऱ्या चिथावणीखोराच्या वकिलाच्या हाती आयता पडतो. त्या निष्पाप माणसाची दोन-तीन वर्षे कोर्टाच्या पायऱ्यांवर गेलेली असतात, ती भरून देता येत नाहीत.

यासाठी कलम १७३(३) वापरा. ३ वर्षे किंवा अधिक, पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते आणि शब्दांच्या गुन्ह्यांत तसे करणे योग्य, असे न्यायालयाने प्रतापगढी निकालात म्हटले आहे. मग स्वतःहून लगेच गुन्हा नोंदवण्याच्या २०२३ च्या आदेशाचे काय, हा प्रश्न ठाण्यांत खरोखर पडतो आणि त्याचे उत्तर आपल्या परिपत्रकातून मिळायला हवे. आमच्या मते शब्द उघडउघड चिथावणीचे असतील तर गुन्हा तत्काळ. अर्थ संदर्भावर अवलंबून असेल तर १४ दिवसांची चौकशी. पण दोन्ही वेळा पुरावा जपण्याचे पत्र पहिल्याच दिवशी. संदर्भ तपासताना २०२० च्या अमिश देवगण निकालातील प्रश्न घ्यावेत : बोलणारा कोण, किती वजनाचा, कुठे बोलला, कोणत्या वातावरणात बोलला, आशय काय, हेतू काय, हानीची शक्यता किती. ज्याच्या एका हाकेवर रस्ता भरतो त्याचे वाक्य आणि पन्नास ओळखीच्यांच्या गटात एखाद्याने रागात टाकलेले वाक्य, या दोन्हींचे वजन सारखे नसते.

अटकेवरून कारवाईचे मोजमाप करू नये, हेही आम्ही विनवतो. ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत अनावश्यक अटक टाळायला सांगणाऱ्या अर्नेश कुमार निकालाची बंधने आहेत, कलम ३५(३) ची नोटीस देऊन काम चालते. कॅमेऱ्यासमोर केलेली आणि दोन दिवसांत जामिनावर संपणारी अटक आरोपीला हार घालण्याचा समारंभ देते. पुन्हा पुन्हा बोलणाऱ्याला खरी अडचण होते ती जामिनाच्या अटींची. ‘अशा स्वरूपाचे भाषण करणार नाही’ ही अट सरकारी वकिलाने मागून घ्यावी आणि ती मोडली की त्याच आठवड्यात जामीन रद्द करण्याचा अर्ज करावा. कलम १२६ खाली शांतता राखण्याचे बंधपत्र घेतले असेल तर भंग झाल्यावर त्याची रक्कम वसूल करा. बंधपत्र घ्यायचे आणि भंगाकडे डोळेझाक करायची, याने लोकांचा विश्वास सगळ्यात लवकर उडतो. प्रस्तावात आधीचे सर्व गुन्हे, जिल्ह्यासह आणि सद्यःस्थितीसह, एकत्र द्यावेत. आज एका जिल्ह्याला शेजारच्या जिल्ह्यातील गुन्ह्याची माहिती वर्तमानपत्रातून कळते.

खटला मागे घेण्याचा प्रश्नही आहेच. आंदोलनांतील गुन्हे मागे घेण्याच्या याद्यांत तेढ पसरवल्याचे गुन्हे मिसळले जाऊ नयेत. कलम ३६० नुसार पीडिताला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय न्यायालय आता परवानगी देऊ शकत नाही आणि आमदार-खासदारांच्या बाबतीत ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने उच्च न्यायालयाची संमती लागते.

शेवटी एका तक्त्याची मागणी. कलम २१७ खाली आलेल्या प्रत्येक प्रस्तावासाठी गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे, गुन्ह्याची तारीख, प्रस्ताव मिळाल्याची तारीख, निर्णयाची तारीख आणि निर्णय (मंजूर, नामंजूर, प्रलंबित) एवढे सहा रकाने असलेला तक्ता गृह विभागाने दर तिमाहीला जाहीर करावा. त्यात आरोपीचे किंवा फिर्यादीचे नाव, पक्ष किंवा धर्म टाकण्याची गरज नाही. पहिल्या तक्त्यात १ जुलै २०२४ पूर्वीचे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९६ (आताचे २१७) खाली पाठवलेले आणि अजून पडून असलेले प्रस्तावही घ्यावेत. त्यांतील मूळ फिती आज कोणत्या कपाटात आहेत आणि चालतात का, हे संबंधित ठाण्यांकडून याच महिन्यात तपासून घ्यावे.

आपले,
फौजदारी न्यायालयांत काम करणारे काही वकील